वर्गणी की फुकट : ऑनलाइन गेमच्या पैशांमागची पार्श्वभूमी

मासिक वर्गणी हाच ऑनलाइन गेमचा मूळ आणि सरळ मार्ग होता, फुकटचं खूळ नंतर आलं, असं जुने खेळाडू ठासून सांगतात. त्यात निम्मंच खरं आहे, कारण वर्गणीही उशिराच आली. १९८५ मध्ये अमेरिकेत डायल-अपवर, म्हणजे फोनच्या तारेवरून, चालणारा ‘आयलंड्स ऑफ केस्माय’ खेळायचा तर मोडेमच्या वेगानुसार तासाला ६ ते १२ डॉलर पडत. रिक्षाच्या मीटरवर नजर ठेवावी तसं घड्याळाकडे बघत राक्षस मारायचे. १९९६ मध्ये ‘मेरिडियन ५९’ महिन्याच्या ठरावीक रकमेवर आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथल्या सर्वात मोठ्या ऑनलाइन सेवेनेही तासाचा हिशेब सोडून महिन्याला १९.९५ डॉलर असा एकच दर लावला. १९९७ च्या सप्टेंबरात ‘अल्टिमा ऑनलाइन’ दरमहा ९.९५ डॉलरला निघाला आणि पुढची दहा-बारा वर्षं पाश्चात्त्य बाजारात हीच रीत झाली.

या रीतीतली एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण पुढची सगळी भांडणं तिच्यावरून झाली. वर्गणीला वरची मर्यादा असते. रोज दहा तास खेळणारा आणि फक्त रविवारी डोकावणारा सारखेच पैसे भरतात, आणि कुणाकडे कितीही पैसा असला तरी जास्त देण्याची सोयच नसते. खेळाडूला हा न्याय वाटतो. कंपनीच्या हिशेबनीसाला मात्र हे हातचं उत्पन्न सोडल्यासारखं वाटतं.

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला, ५० डॉलरचा खोका आणि वर दरमहा १४.९९ डॉलर. वर्गणीच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण आजही याच गेमचा दाखला देतो आणि ऑक्टोबर २०१० मधला १ कोटी २० लाख वर्गणीदारांचा आकडा पुढे करतो. पण हा आकडा जपून वापरावा. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने १ कोटीचा टप्पा जाहीर केला, तेव्हा त्यातले साधारण ५५ लाख आशियातले होते, उत्तर अमेरिकेतले २५ लाखांच्या वर आणि युरोपातले २० लाखांच्या वर. चीनमध्ये तेव्हा मासिक वर्गणी नव्हतीच. तिथे ३० युआनचं कार्ड घेतलं की ६६ तास ४० मिनिटं मिळत आणि खेळाल तेवढीच ती संपत. शिवाय गेमिंग कॅफेत बसून गेल्या तीस दिवसांत एकदा जरी कुणी खेळला, तरी कंपनीच्या व्याख्येत तो वर्गणीदार धरला जाई. म्हणजे ज्या गेमला वर्गणीचा सर्वात मोठा विजय म्हणतात, त्याचे बरेचसे गिऱ्हाईक जुन्या मीटरवरच होते.

फुकटची कल्पना रुजली ती दक्षिण कोरियात आणि चीनमध्ये. कोरियात २००३ चा ‘मेपलस्टोरी’ आणि २००४ चा ‘कार्टरायडर’ यांनी खेळ मोकळा ठेवून कपडे, गाड्या, सवलती विकल्या. चीनमध्ये २००५ च्या अखेरीस एका बड्या कंपनीने ‘लेजंड ऑफ मिर २’ सकट आपले मोठे गेम एका झटक्यात फुकट केले. शेअर बाजाराने आधी तोंड वाकडं केलं आणि मग बाकीच्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या. २००६ चा ‘झेंगतू’ तर आणखी पुढचा. आरोग्यवर्धक टॉनिक विकून श्रीमंत झालेल्या उद्योजकाचा हा गेम. फुकट खेळणाऱ्यांनी भरलेलं जग आणि त्या जगात पैशांनी ताकद विकत घेणारे थोडे लोक, अशी त्याची उघड रचना होती. किल्लीने पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब, आणि दिवसभरात सर्वात जास्त पेट्या उघडणाऱ्याला वेगळं बक्षीस. २००७ मध्ये ही कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली. फुकट खेळणारा इथे गिऱ्हाईक नसतो, पैसेवाल्याला हरवायला मिळालेला गडी असतो. हे माझं मत आहे, पण ‘झेंगतू’पुरतं ते अतिशयोक्त नाही.

पश्चिमेत ही लाट २००९ मध्ये पोहोचली, आणि तीही अडचणीतून. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’ मरगळला होता, तो सप्टेंबर २००९ मध्ये मोकळा केला. वर्षभराने त्याच कंपनीने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ मोकळा केला आणि उत्पन्न तिप्पट झाल्याचं सांगितलं. मग रांगच लागली. ‘स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक’ डिसेंबर २०११ मध्ये वर्गणीवर सुरू झाला. फेब्रुवारीत १७ लाख वर्गणीदार, मेमध्ये १३ लाख, उन्हाळ्यात १० लाखांच्या खाली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये फुकट. तेही कसं, तर फुकटवाल्याला पडद्यावर बटणांच्या दोनच पट्ट्या आणि आणखी हव्या असतील तर पैसे. दरवाजा उघडा ठेवून खुर्च्यांचं भाडं लावण्याचा हा प्रकार तेव्हा चांगलाच चेष्टेचा विषय झाला होता.

आता या इतिहासातला सर्वात वादग्रस्त निर्णय. तो फुकट गेमचा नाही, वर्गणीच्या गेमचाच आहे. आइसलँडमधला ‘ईव्ह ऑनलाइन’ २००३ पासून वर्गणीवर चालत होता. चीन सोडून बाकी सगळे खेळाडू एकाच विश्वात, जहाजं खेळाडूंनीच बांधलेली, आणि फुटलेलं जहाज कायमचं गेलेलं. अशा गेममध्ये खेळातलं चलन चोरून विकणाऱ्या टोळ्या माजणारच. त्यांना शह म्हणून २००८ मध्ये ‘प्लेक्स’ आलं. प्लेक्स म्हणजे ३० दिवसांच्या खेळाची चिठ्ठी. ती खऱ्या पैशांनी घ्यायची, वाटल्यास खेळातल्या बाजारात खेळातल्या चलनावर विकायची. ज्याच्याकडे पैसा आहे पण वेळ नाही, त्याला अधिकृतपणे चलन मिळालं. ज्याच्याकडे वेळ आहे पण पैसा नाही, त्याचा महिना निघाला.

यातलं गणित फारसं कुणी लक्षात घेत नाही. साठ दिवसांचं कार्ड ३४.९९ डॉलरला होतं आणि त्यातून दोन प्लेक्स मिळत, म्हणजे एक प्लेक्स साधारण साडेसतरा डॉलरचं. वर्गणी तेव्हा महिन्याला १४.९५ डॉलर. फुकट खेळणाऱ्या प्रत्येक माणसामागे कंपनीला वर्गणीदारापेक्षा जास्त पैसे मिळत होते, फक्त ते दुसऱ्याच कुणाच्या तरी खिशातून येत. वर्गणीची वरची मर्यादा इथेच उठली आणि गंमत म्हणजे खेळाडूंनी तिचं स्वागत केलं. जुलै २०१० पासून प्लेक्स जहाजात घालून नेता येऊ लागलं. ऑगस्टमध्ये एका बहाद्दराने चिमुकल्या जहाजात ७४ प्लेक्स भरून जिता या खेळातल्या मोठ्या बाजारपेठेबाहेर स्वतःला उडवून घेतलं, म्हणजे सुमारे १२९५ डॉलर हवेत. खेळाडू हसले. कंपनीला ७४ महिन्यांचे पैसे आधीच मिळाले होते आणि ते महिने आता कुणीच खेळणार नव्हतं.

मग २१ जून २०११ ला ‘इनकार्ना’ हा नवा भाग आला. जहाजातून उतरून आपल्या पात्राला पायी चालवता येणार, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात चार वंशांपैकी एकाचीच खोली तयार होती, त्या खोलीचं बाहेर नेणारं दार उघडत नव्हतं आणि ग्राफिक्स कार्डं तापत होती. सोबत एक दुकान उघडलं. त्यात एका डोळ्याला लावायचं मॉनोकल १२,००० ऑरमला होतं. ऑरम म्हणजे त्या दुकानाचं चलन. एक प्लेक्स मोडलं की ३,५०० ऑरम मिळत. हिशेब केला तर न दिसणाऱ्या चेहऱ्यावरच्या एका भिंगाचे साठ डॉलर. खऱ्या दुकानात खरा चष्मा याहून स्वस्त मिळाला असता, हा विनोद त्या आठवड्यात हजारोंनी केला असेल.

पण केवळ किमतीवरून हे पेटलं नाही. त्याच आठवड्यात कंपनीचं अंतर्गत वार्तापत्र फुटलं. त्यात हाव चांगली का, अशा अर्थाच्या शीर्षकाखाली जहाजं आणि दारूगोळासुद्धा पैशांनी विकावा का यावर चर्चा होती. पाठोपाठ प्रमुखांचा कर्मचाऱ्यांना लिहिलेला ई-मेल बाहेर आला. खेळाडू काय बोलतात ते नव्हे, काय करतात ते पाहा, असा त्याचा आशय. खेळाडूंनी मग करूनच दाखवलं. जितामधल्या पुतळ्याभोवती शेकडो जहाजं जमली आणि त्या अभेद्य पुतळ्यावर दिवसरात्र गोळीबार करत राहिली. अनेकांनी वर्गणी बंद केली. खेळाडूंनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना कंपनीने तातडीने विमानाने रेक्याविकला नेलं आणि दुकानात फक्त शोभेच्या वस्तू राहतील, लढाईत फायदा देणारं काही विकलं जाणार नाही, असं संयुक्त निवेदन निघालं. ऑक्टोबरमध्ये प्रमुखांचं माफीपत्र आलं आणि त्यापाठोपाठ २० टक्के कर्मचाऱ्यांची कपात.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. वस्तू निव्वळ शोभेच्या होत्या, सक्ती कुणावर नव्हती, आणि एकाच गेमच्या वर्गणीवर आणखी दोन गेम बनवायचे चालले होते. खेळाडूंचं उत्तर सोपं होतं, आम्ही प्रवेशाचे पैसे आधीच भरतोय. माझा कल खेळाडूंकडे आहे, तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. २०११ मध्ये ज्याची भीती होती ते २०१६ च्या फेब्रुवारीत आलंच. एका खेळाडूचं कौशल्य काढून दुसऱ्याला टोचता येऊ लागलं आणि त्यासाठीचं साधन पैशांनी मिळू लागलं. कौशल्य हवेतून निर्माण होत नाही, ते कुणीतरी आधी कमावलेलंच असतं, हा युक्तिवाद बहुतेकांनी गिळला. पुतळ्याभोवतीचा तसा उठाव पुन्हा झाला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात मर्यादित कौशल्यांसह फुकट खेळण्याचं दार उघडलं. २०१८ मध्ये कंपनी एका कोरियन गेम कंपनीने विकत घेतली. मे २०२२ मध्ये वर्गणी १९.९९ डॉलर झाली.

दरम्यान प्लेक्सचं गणित इतरांनी उचललं. ‘रूनस्केप’ने २०१३ मध्ये बाँड काढले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने एप्रिल २०१५ मध्ये टोकन काढलं, २० डॉलरचं, वर्गणी १५ डॉलर असताना. त्याच नोव्हेंबरात ५५ लाखांचा शेवटचा आकडा देऊन यापुढे वर्गणीदारांची संख्या जाहीर करणार नाही असं कंपनीने सांगितलं. बातम्यांत त्याचा अर्थ ‘घसरण लपवली’ असा लागला. तो चुकीचा नाही, पण टोकनानंतर डोकी मोजण्याला पूर्वीचा अर्थही उरला नव्हता.

या सगळ्यात वर्गणीवरच टिकलेला एकच ठसठशीत अपवाद सांगता येतो. ‘फायनल फँटसी १४’ २०१० मध्ये इतका फसला की कंपनीने वर्षाहून जास्त काळ वर्गणीच घेतली नाही. तो बंद करून २०१३ मध्ये नव्याने आणला, आणि सगळे फुकटकडे पळत असताना वर्गणीवरच आणला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्व्हरवर इतकी झुंबड उडाली की कंपनीने विक्री काही आठवडे थांबवली आणि वर्गणीदारांना भरपाईचे दिवस दिले. अर्थात इथेही दुकान आहे, आणि ऑगस्ट २०२० मध्ये साठाव्या आणि २०२३ मध्ये सत्तराव्या पातळीपर्यंतचा खेळ मुदतीशिवाय फुकट झाला.

उलट बाजूने फुकट गेम वर्गणीकडे सरकले. डिसेंबर २०१७ मध्ये ‘फोर्टनाइट’ने ९५० व्ही-बक्सचा (हे त्या खेळातलं विकतचं चलन) बॅटल पास, म्हणजे हंगामभर खेळून बक्षिसं मिळवायचा परवाना, लोकप्रिय केला. हंगाम संपला की पास संपतो आणि पुन्हा घ्यावा लागतो. ‘पबजी मोबाइल’चा रॉयल पास त्याच जातीचा. नावं वेगळी असली तरी ठरावीक काळाने ठरावीक रक्कम भरायची रीत जुनीच आहे. नशिबाच्या पेट्यांवर मात्र सरकारं उतरली. जपानने २०१२ मध्ये सोडतीतले नग जुळवून संच पूर्ण केल्यावर बक्षीस देण्याचा प्रकार बंद पाडला, बेल्जियमने २०१८ मध्ये लूट बॉक्सना, म्हणजे अशाच पेट्यांना, जुगार ठरवलं, नेदरलँड्समध्ये मात्र एक कोटी युरोचा दंड मार्च २०२२ मध्ये न्यायालयात टिकला नाही. कोरियात जानेवारी २०२४ मध्ये दंड झाला तो ‘मेपलस्टोरी’मधल्या क्यूबच्या, म्हणजे नशिबावर हत्यारांचे गुण बदलणाऱ्या विकतच्या वस्तूच्या, शक्यता गुपचूप बदलल्याबद्दल, ११.६ अब्ज वॉन.

आपल्याकडे वर्गणीचं युग जवळजवळ आलंच नाही. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळलेल्या पिढीकडे क्रेडिट कार्ड नव्हतं, आणि ते पैसे गेम बनवणाऱ्याला नव्हे, कॅफेवाल्याला जात. मग २०१८ पासून एकदम मोबाइल, फुकट गेम आणि यूसी, म्हणजे ‘पबजी मोबाइल’मधलं विकतचं चलन. ‘पबजी’वरची सप्टेंबर २०२० ची बंदी, जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार ‘बीजीएमआय’, वर्षभराने तोही दुकानांतून गायब आणि मे २०२३ मध्ये परत, हे वाचकांना ठाऊक आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापण्याचे नियम कडक झाले आणि परदेशी सेवांच्या कितीतरी वर्गण्या अडकल्या. यूसी मात्र यूपीआयने दोन मिनिटांत मिळत राहिलं.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. त्यात निव्वळ करमणुकीच्या ‘सामाजिक’ गेमना सूट आहे आणि प्रवेशासाठी वर्गणी किंवा एकदाच भरायची रक्कम घेतली तर चालेल, ती पैजेची नसली म्हणजे झालं, असं स्पष्ट लिहिलं आहे. ज्या देशात वर्गणी फारशी कुणी भरलीच नाही, तिथल्या कायद्यात तिचा उल्लेख नावानिशी आला. पैशांनी घेतलेली खेळातली नाणी आणि टोकनं मात्र त्याच कायद्यात पणाला लावायच्या गोष्टींच्या व्याख्येत बसतात. यूसी मोजून उघडलेल्या पेटीतून निघालेला पोशाख ‘जिंकलेला लाभ’ धरायचा की नुसती खरेदी, हा प्रश्न सामाजिक गेम आणि पणाला लावायच्या गोष्टी या दोन व्याख्यांच्या मधोमध पडतो.