बेस दोन्ही बाजूंना वाटला की सगळीकडे सारखा पोचतो?

मंडपात चार बेस (खोल, जाड आवाजाच्या स्पीकरची खोकी) असले की दोन स्टेजच्या डावीकडे, दोन उजवीकडे. 'नाहीतर एका बाजूला बेस जास्त होईल' ही समजूत इतकी जुनी की कोणी तपासतच नाही. टॉपसाठी (वरचा, बारीक आवाज देणाऱ्या स्पीकरसाठी) ती बरोबर आहे, बेससाठी नाही.

६० हर्ट्झची, म्हणजे बेसच्या खोल आवाजाची लाट सुमारे ५.७ मीटर लांब. ऐकणाऱ्याच्या दोन बाजूंच्या बेसपासूनच्या अंतरांत तिच्या निम्म्याचा, म्हणजे २.८५ मीटरचा फरक पडला की दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. बेस १२ मीटर अंतरावर ठेवले असतील, तर त्यांच्या रांगेपासून १० मीटर पुढे या आणि मध्यरेषेवरून बाजूला सरका. जेमतेम तीन मीटरवर ६० हर्ट्झ जवळपास गायब! मध्यरेषेवर मात्र छाती हलते, आणि मिक्सरवाला नेमका तिथेच बसलेला असतो. इक्वलायझरने (ठरावीक सूर कमी-जास्त करायच्या यंत्राने) हा खड्डा भरत नाही, कारण त्याने दोन्ही बाजूंचा आवाज सारखाच वाढतो.

चारही बेस स्टेजसमोर मध्यभागी, जमिनीवर, एकमेकांना चिकटवून ठेवा, म्हणजे अंतरांतला फरक जवळपास उरत नाही. आडवे की उभे, हा वाद निरर्थक. थप्पी आटोपशीर असली की पुरे. उभी रचलीत तर रॅचेट पट्ट्याने (खटक्याने ताणायच्या पट्ट्याने) आवळा, कंपनाने खोकी सरकतात.

मग एकच बेस चालू करा, त्यानंतर शेजारचा जोडा. आवाज सुमारे ६ डेसिबल वाढायला हवा. उलट कमी झाला तर एका केबलमध्ये प्लस-मायनस उलटे आहेत.