नर की मादी? वाळू ठरवते!

कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर, कासवांची अंडी जपून ठेवतात त्या कुंपणातली, म्हणजे हॅचरीतली टोपली सकाळी कासवमित्र उचलतो, तेव्हा भोवतीची कुजबुज आपोआप थांबते. टोपलीखालची वाळू हलत असते. आधी एक काळपट नाक वर येतं, मग वल्ह्यासारखा चिमुकला पाय, आणि बघता बघता सगळी वाळू वळवळायला लागते. एकेक पिल्लू जेमतेम दीड इंचाचं.

ही ऑलिव्ह रिडले कासवं. हिवाळ्यात मादी रात्रीची पुळणीवर चढते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल, मडक्यासारखा खड्डा खणते आणि त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. वाळू लोटून ती अंगाने चोपते की निघाली समुद्राकडे. पिल्लांचं तोंड ती बघत नाही. पुढचे 45 ते 60 दिवस आईपण वाळूकडे.

हे आईपण नुसतं ऊब देण्यापुरतं नाही. माणसात मुलगा की मुलगी हे गुणसूत्रांवर ठरतं, या कासवांत ते ठरतं वाळूच्या तापमानावर, तेही उबवणीच्या साधारण मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. वाळू 29-30 अंशांच्या आसपास असली तर नर-माद्या मिसळून निघतात. त्याहून गार असली तर नर जास्त, तापलेली असली तर माद्या. दोन-तीन अंशांनी सगळं चित्र पालटतं! उन्हाळे असेच तापत गेले तर पुळणीवर माद्याच माद्या जन्मतील, आणि वाळू फारच तापली तर अंडी आतच मरतील. मला या गोष्टीची खरोखर धास्ती वाटते. कुत्र्या-कोल्ह्यांपासून अंडी कुंपण घालून वाचवता येतात, उन्हाला कुठलं कुंपण घालणार?

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन इथे अंडी वाचवण्याचं काम सुरू केलं. त्याआधी अंडी सर्रास चोरीला जात. आता कासवमित्र पहाटेच किनारा पालथा घालतात, कारण इथे घाई महत्त्वाची. अंडं घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की गर्भ मेलाच म्हणून समजा. म्हणून अंडी अलगद, शक्यतो न फिरवता उचलायची आणि हॅचरीत तितक्याच खोल, तशाच मडक्याच्या आकाराच्या खड्ड्यात ठेवायची. खोली चुकली तर ऊबही चुकते.

पिल्लं थेट पाण्यात मात्र सोडत नाहीत. दोरीपलीकडे ओल्या वाळूवर ठेवतात आणि ती आपापली चालत जातात, उजळ क्षितिजाच्या दिशेने. पहिली लाट बहुतेकांना मागे फेकते. ती वळतात, पुन्हा निघतात.

गर्दी पांगल्यावरचं काम फार कुणी बघत नाही. पिल्लं निघून गेलेलं घरटं कासवमित्र हाताने उकरतो. चुरगळलेल्या कागदासारखी मऊ टरफलं एकीकडे, न फुटलेली अंडी दुसरीकडे. तो दोन्ही मोजतो, हात झटकतो आणि आकडे वहीत लिहून ठेवतो.