शेकरचे २०० आरपीएम आणि फर्मेंटरचे २०० आरपीएम

परळ, माटुंगा, पवई... मुंबईत बायोटेकचे प्रोजेक्ट जिथे जिथे चालतात तिथे हे वाक्य कानावर येतं: ‘शेकरवर २०० ला कल्चर छान वाढलं, म्हणून फर्मेंटरही २०० लाच लावला.’ शेकर म्हणजे फ्लास्क घुसळणारं यंत्र, फर्मेंटर म्हणजे जंतूंची वाढ (कल्चर) करायचं ढवळतं भांडं आणि २०० म्हणजे मिनिटाला २०० फेरे, म्हणजेच आरपीएम. पण या दोन २०० चा एकमेकांशी संबंध नाही.

शेकरमध्ये पातं नसतं. प्लॅटफॉर्म फ्लास्कसकट छोट्या वर्तुळात फिरतो. त्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे ऑर्बिट, बऱ्याच यंत्रांत २५ मिमी असतो. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली ब्रॉथ (जंतू वाढवायचं पोषक द्रावण) घेतला, तर तो काचेवर पातळ थर धरून चढतो आणि प्राणवायू त्या पसरलेल्या पृष्ठभागातून आत शिरतो. तोच फ्लास्क निम्मा भरला की आरपीएम तेवढेच राहूनही जंतूंना हवा कमी पडते. नोंदवहीत नुसतं ‘२०० आरपीएम’ लिहिणं म्हणूनच अर्धवट आहे. शेजारी ऑर्बिट आणि ब्रॉथ किती घेतला हेही हवंच.

फर्मेंटरमध्ये भांडं जागचं हलत नाही, फिरतो तो शाफ्टवरचा इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक. हवा खालच्या स्पार्जरमधून (भोकांच्या नळीतून) येते आणि बुडबुडे बारीक फोडण्याचं काम पात्यांचं. २ लिटरच्या भांड्यात ५ सेमीचा रश्टन टर्बाइन (उभ्या सपाट पात्यांचा इम्पेलर) २०० ला फिरला, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर भरतो. काचेतून नीट पाहा: हवा जरा वाढवली की मोठाले बुडबुडे पात्यांना दाद न देता शाफ्टलगत सरळ वर निघून जातात. ३७ अंशांना हवेने संपृक्त पाण्यातसुद्धा लिटरमागे ७ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायू मावतो. दाट वाढलेला ई. कोलाय हा जिवाणू तो काही सेकंदांत संपवतो आणि डीओ, म्हणजे विरघळलेला प्राणवायू, शून्यावर येतो.

तोच इम्पेलर ६०० ला नेला की टोकाचा वेग दीड मीटरच्या पुढे जातो. मात्र घुसळण जोरात असताना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तिप्पट वेगाला सुमारे सत्तावीसपट. मोटर निवडताना हे आधी बघायला हवं. मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात सहज मिळणारी चार पोलची इंडक्शन मोटर आपल्या ५० हर्ट्झवर साधारण १४४० ला फिरते. व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलून वेग बदलणारं उपकरण) लावून ती खूप हळू चालवली, तर तिच्याच शाफ्टवरचा पंखाही मंदावतो आणि मोटर तापते. टेबलावरच्या फर्मेंटरला कंट्रोलरसह डीसी किंवा सर्व्हो मोटर मला जास्त योग्य वाटते.

शेकरवरून फर्मेंटरकडे जाताना आरपीएम उतरवून घेऊ नका, डीओ धरा. ई. कोलायसाठी हवेने संपृक्त पातळीच्या ३० टक्क्यांचा सेटपॉइंट (राखायची पातळी) देऊन डीओ घसरेल तसा वेग आपोआप वाढू द्यावा. प्राणिपेशींना ही पद्धत जशीच्या तशी लावू नये. त्यांची प्राणवायूची भूक कमी असते आणि फुटणारे बुडबुडे त्यांना इजा करतात.