पार्श्वभूमी : डोंगरवाड्यांचं पाणी आणि दहा टक्के लोकवर्गणी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या दूरच्या वाड्यांवर आता सौर पंप आणि पाच हजार लिटरच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि मे महिन्यात टँकर, हे कोडं कोकणात सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे जांभा, म्हणजे इथला तांबडा सच्छिद्र दगड, पाणी का धरत नाही यात न शिरता थेट योजनांकडे येऊ.

जुन्या काळाचं थोडक्यात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती समुद्र, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किनाऱ्यावरच्या आगरांत रहाट चालत, डोंगराच्या कुशीत झऱ्याचं पाणी पन्हळीने दारात येई. वाडी वसायची ती पाणी बघूनच. पुढे घरं वाढली, रान तुटलं आणि बरेचसे झरे होळीच्या आतच आटायला लागले.

१९७२ चा दुष्काळ घाटावरचा. पण त्यानिमित्ताने खडक फोडणारी यंत्रं राज्यभर फिरली आणि काही वर्षांत कोकणातही पोचली. मागोमाग इंडिया मार्क टू हातपंप आला. साधारण ४५ मीटर खोलीवरचं पाणी तो ओढतो आणि बोराचं तोंड झाकलेलं असल्याने पाला, बेडूक, वरून वाहून आलेली घाण आत पडत नाही. उघड्या विहिरीच्या तुलनेत हा फायदा मोठा होता. जांभ्याच्या पट्ट्यात मात्र अनेक ठिकाणी बोराच्या पाण्यात लोह निघालं. कळशी रात्रभर ठेवली की सकाळी तळाशी तांबडा गाळ, शिजवलेल्या भाताला रंग. मग बोरिंग भांड्यांना आणि गुरांना, पिण्याला जुनी विहीरच, अशी वाटणी बायकांनी स्वतःच करून टाकली. कागदावर मात्र त्या वाडीला पाणी 'मिळालेलं' होतं.

नंतर नळ आले. नदीकाठी जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायची विहीर, तिथून विजेच्या पंपाने गावठाणातल्या टाकीत, टाकीतून नळाला. एका महसुली गावाच्या कोकणात दहा-दहा वाड्या असतात आणि त्यातली शेवटची टाकीपेक्षाही उंचावर असते, हे आराखडा करणाऱ्यांच्या फारसं लक्षात आलेलं दिसत नाही. भरीला वीजबिल. ते थकलं की जोडणी तुटायची आणि योजना बंद पडायची.

खरा वाद सुरू झाला २००० च्या आसपास. सरकारने पाणी पुरवायचं हे धोरण मागे पडलं आणि गावाने मागणी करावी, भांडवली खर्चाचा दहा टक्के वाटा उचलावा, देखभाल पूर्णपणे स्वतः करावी, असा नियम आला. २००२ च्या अखेरीस आलेली देशव्यापी स्वजलधारा आणि पाठोपाठ राज्यात परदेशी कर्जावर चाललेला जलस्वराज्य प्रकल्प, दोन्ही याच साच्यातले. पैसे भरले की गावाला योजना आपली वाटेल आणि ती टिकेल, हा युक्तिवाद अगदीच खोटा नव्हता. वर्गणी काढून, श्रमदानाने चर खणून उभ्या राहिलेल्या योजना लोकांनी सांभाळल्याही.

पण कोकणात हे दहा टक्के आले कुठून? बहुतेक ठिकाणी मुंबईहून. मुंबईला गेलेल्या वाडीकरांचं मंडळ गिरगाव-परळ-लालबागात बसून यादी करायचं, घरटी रक्कम ठरायची, गणपतीला गावी आलेल्यांकडून उरलेली वसूल व्हायची. ज्या वाडीचं मंडळ तगडं, तिचा हिस्सा एका हंगामात जमा. ज्यांचं मुंबईत फारसं कुणी नव्हतं, त्या धनगरवाड्या आणि कातकरी वस्त्यांना तेवढी रोकड उभी करणं अवघड होतं आणि नेमकी तीच माणसं सगळ्यांत लांबून पाणी आणत होती. मागणी नाही म्हणजे गरज नाही, असा अर्थ लावायला ही पद्धत फार सोयीची होती. तिच्या बाजूने आजही बोललं जातं, तेव्हा उदाहरणं तगड्या मंडळांच्या वाड्यांचीच दिली जातात.

ज्यांना योजना मिळाली नाही, त्यांनी ग्रॅव्हिटीचं पाणी धरलं. वरच्या झऱ्यापाशी सिमेंटची छोटी टाकी, तोंडाला जाळी, तिथून काळा प्लास्टिकचा पाईप रानातून थेट पडवीपर्यंत. वीज नाही, बिल नाही. पालापाचोळ्याने जाळी तुंबली की कुणीतरी कोयती घेऊन वर चढायचं. वणवा लागला की पाईप जळतो आणि पुन्हा पैसे गोळा करावे लागतात. बांधून ठेवलेल्या जॅकवेलपेक्षा हे साधं तंत्र कितीतरी वाड्यांना जास्त वर्षं पुरलं.

सौर दुहेरी पंप या सगळ्यानंतर आला. हातपंपाच्याच बोरात खाली सौर पॅनेलवर चालणारा सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप, सोडतात. ऊन आहे तोवर टाकी भरते, ढग आले की हातपंप मारायचा. साठवण पाण्याचीच होत असल्याने बॅटरी लागत नाही. वीजबिलाची जुनी अडचण त्याने निकालात काढली, हे मान्यच करायला हवं. पण एप्रिलात ऊन भरपूर असतं आणि बोर कोरडं पडलेलं असतं, त्यावर पॅनेलचा उपाय नाही. किनाऱ्यालगत उपसा वाढला की पाणी मचूळ होतं, ते वेगळंच. ऑक्टोबर सरताना ओढ्यांवर वाळूच्या पोत्यांचे वनराई बंधारे घातले तर पाणी थोडं लांबतं. ते दरवर्षी नव्याने घालावे लागतात.

२०१९ मध्ये जल जीवन मिशन आलं. माणशी ४० लिटरचं माप ५५ झालं, घराघरांत नळ ठरला, मुदत २०२४ ची होती. ही माणशी मोजणी गावात कायम राहणाऱ्यांची. मे महिन्यात चाकरमानी मुलाबाळांसह येतात, घरं भरतात आणि उद्भव, म्हणजे योजनेचा पाण्याचा स्रोत, त्याच वेळी तळाला गेलेला असतो. दरम्यान, पोफळीला वीज करून झालेलं कोयनेचं सुमारे ६७ टीएमसी (अब्ज घनफूट) अवजल दरवर्षी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. ते मुंबईकडे न्यायच्या योजनांवर मुंबईत चर्चा होते, चिपळूणच्या वरच्या वाड्यांचा उल्लेख त्यात क्वचितच येतो.

मिशनची मुदत आता २०२८ पर्यंत वाढली आहे. राज्यात अनेक कामं देयकं थकल्याने रेंगाळली. लोकवर्गणीची अटही गेलेली नाही आणि देखभाल ग्रामपंचायतीकडेच आहे. खाऱ्या हवेत गंजलेला सौर पंपाचा कंट्रोलर कुणाच्या पैशाने बदलायचा, हे बऱ्याच ठिकाणी ग्रामसभेत अजून ठरायचं आहे.