संगणक एक, सिस्टीम दोन: ड्युअल बूट आणि व्हर्च्युअल मशीन यांतली गल्लत

सांगलीच्या गावभागात आमच्या शेजारी राहणारे काका निवृत्त शिक्षक आहेत. गेल्या दिवाळीच्या सुमारास ते हातात दोन चिठ्ठ्या घेऊन आले. एकीवर दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराने लिहिलं होतं ‘ड्युअल’, तर दुसरीवर पुण्याच्या भाच्याने फोनवर सांगितलेलं ‘व्हर्च्युअल’. "दोन्हींत विंडोज राहतं आणि लिनक्स येतं, असं दोघंही म्हणतात. मग दोघं भांडतायत कशावरून?" काकांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. ‘माझ्या मशीनवर दोन्ही आहेत’ हे वाक्य दोन्ही प्रकारांना लागू पडतं आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. सिस्टीम म्हणजे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, विंडोज ही एक आणि लिनक्स ही दुसरी. दोन्ही प्रकारांत सिस्टीम दोनच असतात, पण त्या कशा नांदतात यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चुकीचा प्रकार गळ्यात पडला की माणूस महिनाभर लिनक्सला दोष देतो आणि परत ‘विंडोज मारून द्या’ म्हणत दुकानात जातो.

काकांवर ही वेळ येण्याचं कारण अनेक घरांत तेच आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष घेण्याची सोय आहे, पण ती नोंदणी करून घ्यावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते. काकांचा डेस्कटॉप चौथ्या पिढीचा आहे, रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, ४ जीबी. यंत्र ठणठणीत असूनही नव्या विंडोजच्या दारातून ते आत जात नाही.

आपल्या सांगलीत, नाट्यपंढरीत, हा फरक समजावणं सोपं आहे. भावे नाट्यमंदिरात दुपारी एका नाटकाचा प्रयोग आहे आणि रात्री दुसऱ्याचा. दुपारचा पडदा पडतो, नेपथ्य निघतं, मग दुसरी मंडळी आपलं सामान मांडतात. रंगमंच, दिवे, ध्वनी, जे काही आहे ते सगळं त्या वेळी त्या एकाच नाटकाचं. हे ड्युअल बूट. आता असं नाटक डोळ्यांपुढे आणा, ज्याच्या कथेतच एक नाटक मंडळी येते आणि मंचाच्या कोपऱ्यात छोटा प्रयोग करते. बाहेरचं नाटक थांबत नाही. आतल्या मंडळींना जागा मिळते ती बाहेरच्यांनी सोडलेली, आणि बाहेरचा पडदा पडला की त्यांचाही पडतो. हे व्हर्च्युअल मशीन.

ड्युअल बूटमध्ये हार्ड डिस्कचे वाटे होतात. एका वाट्यात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. यंत्र सुरू केलं की ‘ग्रब’ नावाची यादी समोर येते आणि कुठे जायचं ते बाणाने निवडायचं. निवडलेल्या सिस्टीमला सगळी रॅम, सगळा प्रोसेसर, सगळं ग्राफिक्स कार्ड मिळतं. दुसरी तोपर्यंत डिस्कवर नुसती पडून असते. दुसरीकडे जायचं तर यंत्र रिस्टार्ट करावं लागतं.

काकांसारख्या ४ जीबीच्या यंत्राला हाच प्रकार झेपतो. लिनक्स मिंटला, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराला, किमान २ जीबी रॅम पुरते, ४ असली तर बरं. डिस्कवर २० जीबी तरी हवी, पण मी म्हणेन की जागा असेल तर १०० द्या, नंतर वाटा वाढवत बसणं हे त्रासाचं काम आहे. विंडोजचा वाटा लहान करायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करावा. लिनक्स टाकताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ आणि ‘विंडोजच्या शेजारी टाका’ हे दोन पर्याय एकाच पडद्यावर येतात, आणि तिथे एक चुकीचं क्लिक म्हणजे नातवंडांच्या बारशापासूनचे सगळे फोटो गेले. म्हणून त्या दिवशी घाई नको आणि सगळ्याची एक प्रत आधीच बाहेरच्या डिस्कवर हवी.

नवा लॅपटॉप असेल तर आणखी एक गोष्ट आधी पाहावी. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते आणि बूटच्या, म्हणजे यंत्र सुरू होण्याच्या, सेटिंगला हात लावला की ती ४८ अंकी किल्ली मागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरला असाल तर ती बहुधा त्या खात्यात जमा असते. काम सुरू करण्यापूर्वी ती कागदावर उतरवा. नंतर धावाधाव करू नका.

ड्युअल बूट केल्यावर काकांना दोन अडचणी आल्या. दोन्ही इतक्या नेहमीच्या आहेत की त्या कुणी आधी सांगत कसं नाही याचं मला वाईट वाटतं.

पहिली घड्याळाची. काका सकाळी ११ वाजता विंडोजमध्ये गेले तर कोपऱ्यात साडेपाच वाजलेले. दुकानातल्या मुलाने मदरबोर्डचा सेल बदलला, पैसे घेतले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सेलचा काही संबंधच नव्हता. यंत्राच्या आतल्या घड्याळात विंडोज आपली स्थानिक वेळ लिहितं, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ लिहितं. दोन्हींत फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सने घड्याळ लावलं की विंडोज ते स्थानिक समजून वाचतं आणि मागे पडतं. लिनक्सला एका आज्ञेने ‘तूही स्थानिक वेळ लिही’ असं सांगितलं की मिटलं. चुकलेली वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकली असेल तर सेल बदलू नका.

दुसरी अडचण फोटोंची. लिनक्समधून विंडोजच्या डी ड्राइव्हमधले फोटो दिसत होते, पण नाव बदलता येईना, नवीन काही ठेवता येईना. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. आपण शटडाउन म्हणतो तेव्हा ती विंडोजला पुरतं बंद करत नाही, त्याची अर्धवट अवस्था डिस्कवर जपून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उघडेल. त्या अवस्थेत डिस्कचा वाटा अजून विंडोजच्याच ताब्यात असतो. तिथे लिहिलं तर घोळ होईल म्हणून लिनक्स फक्त वाचायची परवानगी देतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये फास्ट स्टार्टअप बंद केलं आणि ड्राइव्ह मोकळा झाला.

आता व्हर्च्युअल मशीन. माझ्या वहिनी मार्केट यार्डात आमच्या हळदीच्या अडतीचे हिशोब पाहतात. त्यांचा मुलगा वालचंद कॉलेजात शिकतो. घरात आलेला लॅपटॉप ‘डॉस’वाला होता, म्हणजे विंडोजशिवाय स्वस्तात मिळालेला. पोराने त्याच्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलं आणि सगळं छान चाललं, फक्त वहिनींचं टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, अडलं. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे.

पोराचं पहिलं उत्तर होतं ड्युअल बूट. वहिनींनी दोन दिवस वापरून हात टेकले. "अरे, मालाच्या विक्रीची पट्टी लिहिताना मला व्हॉट्सॲपवर वजनाचा आकडा बघायला लागतो, मेल बघायला लागतो. दर वेळी मशीन बंद-चालू करत बसू का रे?" त्यांचं म्हणणं अगदी मुद्द्याचं होतं. त्यांना दुसरी सिस्टीम पहिलीच्या *सोबत* हवी होती.

व्हर्च्युअल मशीनमध्ये डिस्कचे वाटे होत नाहीत. लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्ससारखं एक सॉफ्टवेअर बसवायचं. ते एक काल्पनिक संगणक उभा करतं आणि त्यात विंडोज टाकायचं. बाहेरची सिस्टीम यजमान, आतली पाहुणी. पाहुण्या विंडोजला वाटतं आपल्याकडे खरी हार्ड डिस्क आहे, पण ती यजमानाच्या दृष्टीने एक मोठी फाइल असते. टॅली एका खिडकीत, ब्राउझर शेजारच्या खिडकीत, आकडा इकडून उचलून तिकडे टाकता येतो. कॉपी-पेस्ट आणि सामाईक फोल्डर चालायला पाहुण्या सिस्टीममध्ये ‘गेस्ट ॲडिशन्स’ टाकावे लागतात. ते राहून गेलं की लोक म्हणतात, ‘व्हर्च्युअलमध्ये काहीच नीट चालत नाही.’

याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी द्यावीच लागते, ती यजमानाच्या वाट्यातून जाते. वहिनींचा लॅपटॉप १६ जीबीचा, त्यामुळे ६ जीबी पाहुण्याला देऊनही उबुंटू मोकळा श्वास घेतं. ८ जीबीवर हे चालतं पण ब्राउझरच्या दहा टॅब उघडून नाही. काकांच्या ४ जीबीवर दोन्ही सिस्टीमची उपासमार झाली असती. पुण्याच्या भाच्याचा सल्ला वाईट नव्हता, तो त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपला धरून होता.

टीपीएमचा अडसर इथे अनपेक्षित रीतीने सुटतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या २०२२ च्या ७.० आवृत्तीपासून पाहुण्याला काल्पनिक टीपीएम देता येतं. पण परवान्याचं विसरू नका. लॅपटॉपबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो, आतल्या विंडोजसाठी वेगळा घ्यावा लागतो. वहिनींनी तो विकत घेतला. धंद्याचे हिशोब चोरीच्या विंडोजवर ठेवू नयेत, याबाबतीत मी कडक आहे.

सुरुवातीला व्हर्च्युअल मशीन उघडेचना, तेव्हा बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागलं. अनेक यंत्रांत ते बंद असतं. इंटेलमध्ये त्याचं नाव व्हीटी-एक्स, एएमडीमध्ये एसव्हीएम. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन मात्र एका वेळी एकाच सिस्टीमच्या हाती राहतो, तो यादीतून पाहुण्याला सोपवावा लागतो. जड गेम किंवा व्हिडिओ संपादन आतल्या सिस्टीमवर करायला जाऊ नये, ग्राफिक्स कार्ड तिला पुरतं मिळत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत हे दोन प्रकार फार वेगळे आहेत, आणि यावर मी सगळ्यात जास्त बोलते. ड्युअल बूटमध्ये ठेवलेलं जुनं विंडोज १० हे जुनंच राहतं. शेजारी लिनक्स आलं म्हणून त्याची भोकं बुजत नाहीत. काकांना मी सांगितलंय की बँक, वीजबिल, सातबारा, सगळं लिनक्सच्या ब्राउझरमधून करायचं, विंडोजमध्ये गेलात की वायफाय बंद. व्हर्च्युअल मशीनमध्ये पाहुण्याची नेटवर्कची वायर सेटिंगमधूनच काढून ठेवता येते आणि यजमानाचं इंटरनेट चालू राहतं. तिथे काही शिरलंच तर ते बहुतेक वेळा त्या फाइलीतच अडकतं. सामाईक फोल्डर मात्र उघडी खिडकी आहे, त्यात सगळं घर मांडून ठेवू नये.

मग काकांना विंडोज ठेवायचंच कशाला? मराठीमुळे. त्यांनी वीस वर्षं शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि स्मरणिकांचे लेख जुन्या, युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेत. त्या फायलींत अक्षरं खरं तर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये ठेवली तर लिब्रेऑफिसमध्ये मजकूर दिसतो, पण टाइप करायचं त्यांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. नवीन सगळं ते आता इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीने युनिकोडमध्ये लिहितात, ते दोन्हीकडे सारखंच दिसतं. जुनं उघडायची वेळ महिन्यातून एकदा येते, आणि महिन्यातून एकदा रिस्टार्ट करायला कुणाची हरकत नसते.

कुठला प्रकार घ्यावा असं मला कुणी विचारलं तर मी दोनच गोष्टी विचारते. रॅम किती, आणि दुसरी सिस्टीम तुम्हाला दिवसातून किती वेळा लागते? कंपनी कुठली आणि मशीन किती सालचं, ते नंतर. आणि काहीही टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर, तिन्ही तपासा. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना लिनक्समध्ये सोय आहे, काही जुने लेझर प्रिंटर मात्र फार छळतात.

नको झालं तर काढायचं कसं, तिथेही फरक आहे. व्हर्च्युअल मशीन यादीतून तिच्या फायलींसकट पुसली की संपलं. ड्युअल बूटमधला लिनक्सचा वाटा कुणी थेट पुसतो आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर ग्रबची तक्रार पाहून घाबरतो, कारण ग्रबच्या फायली त्याच वाट्यात होत्या. आधी बायोसमध्ये विंडोजचा बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणावा, विंडोज थेट उघडतंय याची खात्री करावी, वाटा मग पुसावा.

व्हर्च्युअल मशीनमध्ये ‘स्नॅपशॉट’ घेता येतो, म्हणजे आजची स्थिती जपून ठेवायची आणि बिघडलं तर मागे जायचं. वहिनींना वाटायचं हाच बॅकअप. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो, डिस्क गेली की तोही जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचा संगणक आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच कपाटात होती. दोन्ही एकदमच पाण्याखाली गेली, तीन वर्षांच्या पट्ट्या त्यात होत्या. आता दर शनिवारी संध्याकाळी वहिनी विंडोज पूर्ण बंद करतात, मशीनचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवतात, आणि ती डिस्क मिरजेला बहिणीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी जाते. काकांची डिस्कही त्याच पिशवीत असते.