छंदासाठी फ्री कॅड : पार्श्वभूमी

कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग आणि मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर. नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या भागात कुणी ‘फ्री कॅड’ म्हणालं की आधी विचारावं लागतं, कुठलं? क्रॅक मारलेलं ऑटोकॅड इथे फ्री. कंपनीने घरगुती वापरापुरतं बिनपैशाचं दिलेलं सॉफ्टवेअर, तेही फ्री. आणि ज्याचा सोर्स कोड खुला आहे, जे कुणीही वापरावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं, तेसुद्धा फ्रीच. त्यात ‘फ्रीकॅड’ नावाचं एक सॉफ्टवेअरही आहे, आणि बोलताना मधली मोकळी जागा ऐकू येत नाही. माझ्या एका मित्राने कॉम्प्युटरच्या दुकानात ‘फ्रीकॅड टाकून द्या’ असं सांगितलं आणि लॅपटॉपमध्ये ऑटोकॅडची चोरटी प्रत घेऊन तो घरी आला. दुकानदाराने फसवलं नव्हतं. त्याला खरंच तेच मागितल्यासारखं वाटलं.

कॅडचा इतिहास १९६३ च्या स्केचपॅडपासून सांगायची पद्धत आहे, पण नाशिकच्या टेबलावर तो आला ऑटोकॅडमधून. त्याची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८२ ची. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांच्या हाताला वळण लावलं ते मात्र १९९७ च्या आर१४ ने आणि त्यामागून आलेल्या ऑटोकॅड २००० ने. क्लासमध्ये तेच शिकायचं आणि सीडी घरी आणायची, असा रिवाज होता. परवान्याची किंमत लहान कारखान्याच्या मालकालाही जड जायची, तिथे शिकाऊ पोराचं काय! पण चोरीची प्रत सहज मिळत असल्याने खरोखर मुक्त असलेल्या गोष्टींकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. क्यूकॅड १९९९ पासून होतं. त्याच वर्षी एका फ्रेंच कंपनीने घनाकृतींचं गणित करणारं आपलं कर्नेल खुलं केलं, आणि त्याच्याच आधारावर ऑक्टोबर २००२ मध्ये फ्रीकॅडची पहिली आवृत्ती आली. नाशिकमध्ये कुणाच्या लॅपटॉपवर ते मला पहिल्यांदा दिसलं, तोवर आणखी दहा-बारा वर्षं गेली होती.

मराठीत खरं तर हा गोंधळ व्हायलाच नको. फुकट आणि मुक्त हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. पंगतीतलं जेवण फुकट असतं, पण ताटात काय पडेल आणि पंगत कधी उठेल, हे यजमान ठरवतो. इंग्रजीत दोन्ही अर्थांना एकच शब्द, म्हणून तिकडच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना १९८० च्या दशकापासून हा फरक समजावत बसावं लागलं. आपण हाताशी असलेले दोन शब्द टाकून त्यांचा एक उचलला, आणि त्यांची अडचणही सोबत घेतली.

पंगत उठते कशी, हे गेल्या काही वर्षांत दिसलं. स्केचअप २००६ मध्ये बिनपैशाचं झालं आणि फर्निचर, मखर, गच्चीवरचा मांडव असलं सगळं लोक त्यात काढू लागले. २०१७ नंतर डेस्कटॉपची मोफत आवृत्ती थांबली, उरली फक्त ब्राउझरमधली. ड्राफ्टसाइट ऑटोकॅडसारखंच चालायचं, ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल उघडायचं. ३१ डिसेंबर २०१९ नंतर त्याची मोफत प्रत चालेनाशी झाली. ऑनशेप २०१५ मध्ये आलं. त्याच्या मोफत खात्यातलं काम साऱ्या जगाला उघडं असतं.

सगळ्यात मोठा वाद झाला तो फ्यूजन ३६० वरून. मॉडेल, ड्रॉइंग आणि राउटरसाठीचा (म्हणजे लाकूड कापायच्या यंत्रासाठीचा) टूलपाथ, कटरने फिरायचा मार्ग, हे सगळं एकाच ठिकाणी मिळत असल्याने छंद म्हणून काम करणारे त्याच्यावर विसंबले होते. सप्टेंबर २०२० मध्ये, लोक घरीच अडकलेले असताना, नवे नियम जाहीर झाले आणि १ ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. एका वेळी १० च फाइल्स बदलता येणार. रॅपिड बंद, म्हणजे कटर हवेतून जातानाही कापायच्याच वेगाने सरकणार. ड्रॉइंग एकाच शीटचं. छंदातून वर्षाला १,००० डॉलरच्या आतच कमाई. स्टेप फाइल काढायची सोयही जाणार होती, पण ओरड झाल्यावर तेवढा निर्णय मागे घेतला गेला.

कंपनीचीही बाजू आहे. सर्व्हर तिचे, मेहनत तिची, आणि छंदाच्या परवान्यावर धंद्याचे जॉब काढणारे लोक होतेच. १० फाइल्सच्या मर्यादेनं माझं तरी फारसं अडलं नाही, जुन्या फाइल्स बाजूला ठेवून काम होतं. पण स्टेपला हात लावणं मला आजही चुकीचं वाटतं. घन मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा तोच तर रस्ता. थ्रीडी प्रिंटिंगवाल्यांच्या एसटीएल फाइलमध्ये नुसते त्रिकोण जातात, भोकाचा व्यास त्यात भोक म्हणून उरत नाही. निर्णय फिरवला हे बरं झालं, पण आपल्या चार वर्षांच्या कामाची किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे, हे त्या आठवड्यात प्रत्येकाला कळलं.

तरी सगळे फ्रीकॅडकडे वळले नाहीत, आणि त्यालाही सबळ कारण होतं. संक्रांतीसाठी येवल्याच्या आसारीला, म्हणजे पतंगाचा मांजा गुंडाळायच्या फिरकीला, मी ६०८ चं बेअरिंग बसवत होतो. बेअरिंग बाहेरून २२ मिलिमीटर, जाडी ७. ठोकळा काढला, २२.२ चं भोक पाडलं, वरच्या कडेला फिलेट दिला, म्हणजे ती गोल केली. मग मागे जाऊन मूळ स्केचमध्ये स्क्रूसाठी एक खाच वाढवली, तर फिलेट उडी मारून भलत्याच कडेवर, आणि ट्रीमध्ये, म्हणजे बाजूच्या पायऱ्यांच्या यादीत, लाल खूण. याचं कारण असं की फ्रीकॅड कडांना एज१, एज२ असे क्रमांक देतं. आकार बदलला की क्रमांक नव्याने लागतात, आणि कालची एज१२ आज दुसरीच कड असते. यालाच ‘टोपोलॉजिकल नेमिंग’ची अडचण म्हणतात. नवशिक्या माणसाला ही आपलीच चूक वाटते आणि तो सॉफ्टवेअर सोडून देतो. किती जणांनी असं सोडलं असेल, याचा विचार केला की वाईट वाटतं.

एका स्वयंसेवकाने आपल्या वेगळ्या शाखेत यावर उपाय काढला होता. तो मुख्य आवृत्तीत यायला काही वर्षं गेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रीकॅड १.० सोबत तो सगळ्यांच्या हाती आला. पहिली आवृत्ती निघून तोवर २२ वर्षं झाली होती. आसारीचा ठोकळा मी १.० मध्ये पुन्हा पहिल्यापासून काढला, तशीच खाच वाढवली, आणि फिलेट जागेवर राहिला. गुंतागुंतीच्या मॉडेलमध्ये दुवे अजूनही तुटतात. म्हणून स्केच ठोकळ्याच्या पृष्ठभागावर न बांधता मूळ प्रतलावर बांधायची जुनी सवय मी अजून सोडलेली नाही.