पिशवी लावली आणि दम लागला : 'ट्राली'ची पार्श्वभूमी

डेंग्यूचा हंगाम आला की सोलापुरातल्या रक्तपेढ्यांच्या बाकांवर रात्री-अपरात्री एकच मागणी ऐकू येते, "पेशी पाहिजेत." पेशी म्हणजे प्लेटलेट्स. अक्कलकोट, मंगळवेढा, पलीकडे इंडी-आळंदपर्यंतचे पेशंट इथे येतात. नातेवाईक पिशवी घेऊन वॉर्डाकडे धावतात, सिस्टर नाव, नंबर आणि रक्तगट ताडून ती लावतात, आणि बहुतेकांना त्याने उतारच पडतो.

क्वचित मात्र तासा-दीड तासात उशाशी बसलेली बायको हाक मारते, "सिस्टर, दम लागालाय बघा ह्यांना." ऑक्सिजनचा आकडा घसरलेला, अंगात ताप, बीपी उतरलेले. एक्स-रे काढला तर दोन्ही फुप्फुसे पांढरीधोप. रक्तगट बरोबर, क्रॉसमॅच (दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळवून पाहण्याची तपासणी) बरोबर, हृदयही ठणठणीत. तरी फुप्फुसात पाणी झालेले असते. या अवस्थेला डॉक्टर 'ट्राली' म्हणतात : रक्त किंवा रक्तघटक दिल्यानंतर ६ तासांच्या आत फुप्फुसांना होणारी तीव्र इजा.

१९०१ मध्ये लँडस्टायनरने रक्तगट उलगडले आणि रक्त देणे म्हणजे जुगार राहिला नाही. पुढे युद्धांनी ही विद्या रणांगणापर्यंत नेली. स्पेनच्या यादवी युद्धात डॉ. नॉर्मन बेथ्यूनने साठवलेले रक्त गाडीतून आघाडीवर पोचवले. याच बेथ्यूनच्या नावाच्या चीनमधल्या रुग्णालयाचे प्रमुखपद पुढे आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे आले. हा धागा सोलापूरकर म्हणून मला फार जवळचा वाटतो.

गट जुळला की काम झाले, असा विश्वास त्या काळात बसला. १९५१ मध्ये बर्नार्डने रक्त दिल्यानंतर फुप्फुसात पाणी होऊन दगावलेल्या रुग्णाची नोंद केली, पण तिच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. १९५७ मध्ये ब्रिटिंगहॅमने पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) असलेल्या रुग्णाचे अवघे ५० मिली रक्त एका निरोगी माणसाला दिले. त्याला थंडी-ताप आला, धाप लागली, फुप्फुसांवर डाग दिसले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. पण दोष घेणाऱ्याच्याच नव्हे, तर देणाऱ्याच्या रक्तातूनही येऊ शकतो, हे त्यातून कळले. तरीही पुढची पंचवीस वर्षे असे रुग्ण 'सलाईन जास्त झाले', 'हृदयावर ताण आला' अशाच नोंदींखाली जात राहिले. ज्याला नाव नाही, ते केसपेपरवर लिहिणार तरी काय?

नाव दिले अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या पोपोव्स्की आणि सहकाऱ्यांनी, १९८३ मध्ये. १९८५ मध्ये पोपोव्स्की आणि मूर यांनी ३६ रुग्णांची हकीकत मांडली. सगळ्यांना ऑक्सिजन लागला, ७२ टक्क्यांना व्हेंटिलेटर. दात्यांचे रक्त तपासले तेव्हा बहुतेक ठिकाणी ती प्रतिपिंडे सापडली.

ती येतात कुठून? पुष्कळदा बाळंतपणातून. बाळाच्या पेशींवर वडिलांकडून आलेल्या खुणा असतात. आईचे शरीर त्या परक्या समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. बाळंतपणे जितकी जास्त, तितकी ही शक्यता जास्त. आईला त्याचा काही त्रास नाही. पण तिचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ पिवळसर द्रव, आधीच जंतुसंसर्गाने किंवा मोठ्या ऑपरेशनने खंगलेल्या माणसाला मिळाला, तर ही प्रतिपिंडे त्याच्या पांढऱ्या पेशींना चिकटतात. चवताळलेल्या पेशी फुप्फुसातल्या केशवाहिन्या जखमी करतात आणि त्यातून पाणी झिरपते. म्हणून इथे लघवी वाढवून पाणी उतरवणारे इंजेक्शन फारसे कामाला येत नाही, बीपी उतरलेले असेल तर उलट घातकच. आधार ऑक्सिजनचा आणि गरज पडली तर व्हेंटिलेटरचा. तेवढा वेळेत मिळाला तर बरेच जण दोन-चार दिवसांत सावरतात.

२००४ मध्ये टोरांटोच्या परिषदेत व्याख्या ठरली, २०१९ मध्ये ती सुधारली गेली. खरा फरक मात्र एका साध्या निर्णयाने पडला. ब्रिटनने २००३ च्या अखेरीपासून रुग्णांना द्यायचा प्लाझ्मा शक्यतो पुरुष दात्यांचाच घ्यायला सुरुवात केली आणि तिथले ट्रालीचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. स्त्रियांनी रक्तदान करू नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांच्या लाल पेशी तितक्याच मोलाच्या आहेत.

आपल्याकडच्या शिबिरात खाटांवर बहुतेक पुरुषच दिसतात. त्यामुळे आपला प्लाझ्मा आपोआपच बव्हंशी पुरुषांचा असतो. पण हे कोणी ठरवून केलेले नाही. रांगेत उभ्या राहिलेल्या कितीतरी बायका हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली भरले म्हणून परत जातात. आपल्या बायाबापड्यांच्या अशक्तपणाने मिळालेले हे संरक्षण मला सुखाचे वाटत नाही. त्या सुदृढ होऊन रक्तदानाला येऊ लागतील, आणि याव्यातच, तेव्हा बाळंतपणे किती झाली हे विचारून त्यांचा प्लाझ्मा वेगळा काढण्याची पद्धत रक्तपेढ्यांत आधीच रुळलेली हवी.

भारतात अशा घटनांची देशपातळीवर नोंद ठेवणारा हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ ला सुरू झाला. त्या नोंदीची सुरुवात वॉर्डातच होते. दम लागला की पिशवी तत्काळ बंद करायची, सलाईनची वाट चालू ठेवायची, आणि अर्धवट उरलेली पिशवी कचऱ्यात न टाकता रुग्णाच्या रक्ताच्या नमुन्यासह रक्तपेढीकडे परत धाडायची. त्या पिशवीवर दात्याचा नंबर असतो. त्याच दात्याच्या रक्तातून वेगळा काढलेला प्लाझ्मा अजून डीप फ्रीजरमध्ये पडून असू शकतो, आणि दुसऱ्या कोणाच्या नावावर निघण्याआधी तो याच नंबरावरून थांबवता येतो.